खिडकीबाहेरचा देखावा : स्टुडिओतील कृत्रिम बहिर्दृश्यांचा इतिहास

१

मराठीत ‘देखावा’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. घाटमाथ्यावरून दिसणारी दरी हा देखावा. आणि मनात नसलेली आस्था चेहऱ्यावर आणणे हाही देखावाच. पहिला अर्थ डोळ्यांच्या सुखाचा, दुसरा फसवणुकीचा. गणेशोत्सवात देखावे पाहावयास निघालेला मनुष्य या दोन्ही अर्थांची गाठ नकळत मारतो. समोरचा डोंगर बांबूचा व कागदाचा आहे हे त्यास ठाऊक असते आणि तरीही तो तल्लीन होतो. प्रस्तुत लेखाचा विषय याच गाठीशी निगडित आहे. चित्रपटाच्या वा दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत खोली उभारली, तिला खिडकी ठेवली, की त्या खिडकीबाहेर वस्तुतः स्टुडिओची भिंत, दिव्यांच्या तारा आणि लाकडी टेकू एवढेच असतात. तेथे शहर, डोंगर किंवा निदान आकाश तरी आणावे लागते. ते कसकसे आणले गेले आणि प्रेक्षकाने ते कधी मानले, कधी नाकारले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

खिडकीला संस्कृतात ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याचा मार्ग आणि ‘गवाक्ष’ म्हणजे बैलाचा डोळा अशी दोन नावे आहेत. इंग्रजी ‘विंडो’ या शब्दाच्या मुळाशीही जुन्या नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाचा समास आहे. वारा आणि दृष्टी ही खिडकीची दोन कार्ये भाषांनी अशी नोंदवून ठेवली आहेत. स्टुडिओतील खिडकीतून वारा येत नाही. ती केवळ कॅमेऱ्याच्या डोळ्यासाठी असते. तरीही खिडकी खरी वाटावयाची तर त्या डोळ्यास हवेचे, प्रकाशाचे व अंतराचेही प्रत्यंतर यावे लागते. केवळ हुबेहूब चित्र लावून भागत नाही, हा पुढील इतिहासाचा निष्कर्ष आरंभीच सांगून ठेवणे इष्ट होईल.

२

या प्रश्नाचा उगम रंगभूमीवर होतो. परंतु सर्वच रंगभूमींवर नव्हे. संस्कृत नाटकात बाहेरचे जग दाखविण्याची गरजच नव्हती. ‘नेपथ्ये’ अशी सूचना येई, पडद्यामागून आवाज उठे, आणि बाहेर काय चालले आहे ते प्रेक्षकास कळे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील धावता रथ आणि पुढे पळणारे हरिण ही दुष्यंताच्या वर्णनातून व अभिनयातूनच दिसतात. ‘नेपथ्य’ या शब्दास आज मराठीत रंगमंचावरील मांडणी असा अर्थ आला आहे. जे पडद्यामागे होते तेच पडद्यापुढे आले, असा हा अर्थपालट रंगभूमीच्या पालटाशी समांतर आहे.

युरोपात रंगविलेल्या देखाव्याला प्रकाशाची जोड देण्याचा एक मोठा प्रयोग लुई दागेर व शार्ल बुताँ यांनी १८२२ मध्ये पॅरिस येथे ‘डायोरामा’ उघडून केला. सुमारे २२ मीटर रुंद व १४ मीटर उंच अशा पातळ कापडावरील चित्रावर कधी पुढून तर कधी मागून प्रकाश सोडला जाई. १८३४ पासून दागेर याने कापडाच्या दोन्ही बाजू रंगविण्याची युक्ती वापरली. पुढून उजेड असताना चर्चचे रिकामे दालन दिसे. तो मंदावून मागचा उजेड वाढला की तेच दालन मध्यरात्रीच्या प्रार्थनेसाठी जमलेल्या भाविकांनी भरून जाई. चित्र तेच, परंतु त्यात काळ शिरला. १८३९ मध्ये ही इमारत जळाली आणि त्याच वर्षी दागेर याची छायाचित्रणपद्धती जगासमोर आली. चित्रित देखाव्यात काळ आणू पाहणारा आणि छायाचित्राच्या जनकांत गणला जाणारा माणूस एकच असावा, ही गोष्ट पुढील इतिहास पाहता सूचक आहे.

मराठी रंगभूमीवर विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या प्रयोगापासून पुढील काळात रंगीत पडद्यांचे प्रस्थ क्रमाने वाढले. संगीत नाटकांच्या भरभराटीत वन, राजवाडा, रस्ता यांचे गुंडाळी पडदे हे मंडळीचे वैभव मानले जाऊ लागले. या पडद्यांनी प्रेक्षकास फसविण्याचा आव आणला नाही. स्थळ कोणते ते सांगितले आणि चित्र म्हणूनच टाळ्या घेतल्या. वास्तवाचा आग्रह आला तो घरगुती दिवाणखान्याबरोबर. नाट्यमन्वंतर संस्थेने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणले त्या सुमारास पडद्याऐवजी भिंती, दारे व सामानसुमान यांनी सजलेली खोली रंगमंचावर स्थिर होऊ लागली. खरी भिंत आली म्हणजे खरी खिडकी आली. आणि खिडकी उघडी ठेवावयाची तर तिच्या पलीकडे काय, हा प्रश्न अटळ झाला. वनाचा पडदा हे स्थळाचे नाव होते. खिडकीबाहेरचे झाड हा त्या स्थळाचा पुरावा ठरला.

३

पडदे रंगविणाऱ्या हातांनीच महाराष्ट्रात चित्रपटाचा एक पाया घातला. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव हे मेस्त्री घराण्यातील बंधू १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातील अग्रगण्य पडदेचित्रकार होते. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी आणि पारशी-गुजराती रंगभूमीसाठी त्यांनी पडदे केले. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी चालविली. १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट आला आणि १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात चित्रीकरण केले. प्रभात फिल्म कंपनीचे दामले व फत्तेलाल हे याच परंपरेत घडले.

तथापि रंगभूमीचा पडदा जसाच्या तसा कॅमेऱ्यापुढे चालत नाही. नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसतो; त्याचे पडद्यापासूनचे अंतर ठरलेले असते. कॅमेरा जवळ जातो, बाजूस सरकतो, कापडाची शिवण व चुणी टिपतो. सूर्यप्रकाशासाठी छप्पर उघडे ठेवलेल्या आरंभीच्या स्टुडिओंत तर वाऱ्याने पडदा हलला की त्यावरचा पर्वतही हाले. शिवाय त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ काळा आणि निळा रंग जवळजवळ पांढरा दिसे. डोळ्यास सुंदर वाटणारी संध्याकाळ फिल्मवर उतरताना ओळखू येईनाशी होई. पडदा कोणासाठी रंगवावयाचा, मनुष्याच्या डोळ्यासाठी की भिंगासाठी, हा प्रश्न येथे प्रथम उभा राहिला.

४

१९२७ नंतर बोलपट आला आणि कृत्रिम देखाव्यांची मागणी एकदम वाढली. याचे कारण चित्रात नसून ध्वनीत आहे. मायक्रोफोनला शांतता हवी; ती रस्त्यावर मिळेना. म्हणून रस्ता, बंदर, डोंगर ही सर्व बंदिस्त ध्वनिरोधक दालनांत आणावी लागली. हॉलिवुडच्या मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी चित्रकारांचे स्वतंत्र विभाग बाळगले. मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचा विभाग त्यांत विशेष नावाजला. एडिंबरो येथे जन्मलेले जॉर्ज गिब्सन हे १९६९ पर्यंत अनेक दशके त्याचे प्रमुख होते.

या चित्रकारांनी बसविलेले नियम ध्यानात घेण्याजोगे आहेत. पडदा जवळून पाहिला तर रंगाचे ओबडधोबड ठिपके दिसतात. योग्य अंतरावरून भिंगातून पाहिले म्हणजे तेच घरे, झाडे व धुके होतात. दूरच्या वस्तूंचा रंग निळसर व फिका ठेवावयाचा, छाया व उजेड यांतील विरोध कमी करावयाचा, कडा तीक्ष्ण होऊ द्यावयाच्या नाहीत. क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीशी जुळली पाहिजे; ती चुकली तर निष्णात चित्रही खोटे पडते. पडदा खिडकीपासून काही मीटर मागे हवा, त्यावरचे दिवे खोलीच्या दिव्यांपासून वेगळे हवेत आणि नटाची सावली त्यावर कदापि पडता कामा नये. यांतील बहुतेक नियम चित्राविषयी नसून चित्र व खोली यांच्या परस्परसंबंधाविषयी आहेत, हे सहज लक्षात येईल.

छायाचित्र मोठे करून पडद्याच्या जागी लावणे शक्य झाल्यावर चित्रकाराची गरज संपेल असे वाटणे स्वाभाविक होते. ते खरे ठरले नाही, याचे उत्तम उदाहरण १९४७ चा ‘ब्लॅक नार्सिसस’ हा ब्रिटिश चित्रपट होय. मायकेल पॉवेल व एमेरिक प्रेसबर्गर यांच्या या चित्रपटाची कथा हिमालयातील एका जुन्या राजवाड्यात घडते. परंतु चित्रीकरणासाठी कोणीही हिमालयात गेले नाही. इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत आल्फ्रेड युंगे यांनी राजवाडा उभारला, पर्सी डे यांनी काचेवर रंगवून दऱ्या व शिखरे जोडली. मागील पडद्यांसाठी कृष्णधवल छायाचित्रे प्रचंड आकारात मोठी करण्यात आली आणि त्यांवर रंगीत खडूंनी हाताने रंग चढविण्यात आले. छायाचित्राने खडकाची खरी घडण दिली. परंतु पहाटेचा गारवा आणि उंचीवरील विरळ हवा ही खडूने आणली. जॅक कार्डिफ यांच्या प्रकाशयोजनेने खोल्यांतील उजेड त्या रंगांशी जुळविला. छायालेखन व कलादिग्दर्शन या दोहोंसाठी चित्रपटास ऑस्कर पारितोषिके मिळाली. ज्या शिखरांच्या एकांताने कथेतील जोगिणींची मने ढळतात, ती शिखरे कागद व खडू यांची होती. भारतीय वाचकाने हेही नोंदवावे की हा हिमालय भारताचे वर्णन नसून इंग्लंडच्या मनातील भारताचे चित्र आहे. कृत्रिम देखावा स्थळाइतकाच तो रंगविणाऱ्याची अपेक्षाही दाखवितो.

५

खिडकीलाच कथेचे घड्याळ बनविण्याचा प्रयोग आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९४८ च्या ‘रोप’ या चित्रपटात केला. एकच घर, अखंड काळ आणि सुमारे ८० मिनिटांची लांबी अशी त्याची रचना आहे. कॅमेऱ्यात मावणाऱ्या फिल्मच्या गुंडाळीएवढे, म्हणजे अदमासे दहा मिनिटांपर्यंतचे सलग तुकडे चित्रित करून ते शक्य तितके बेमालूम जोडण्यात आले. न्यूयॉर्कमधील उंच इमारतीतील या घरात दोन तरुण आपल्या मित्राचा गळा दोरीने आवळून खून करतात, प्रेत पेटीत ठेवतात आणि त्याच पेटीवर ताटे मांडून पाहुण्यांना मेजवानी देतात. खुनाच्या वेळी खिडकीचे पडदे लावलेले असतात. कृत्य उरकल्यावर ते उघडले जातात, आणि तेथून अखेरपर्यंत रुंद काचेपलीकडे शहर दिसत राहते.

हे शहर वॉर्नर बंधूंच्या बरबँक येथील स्टुडिओत उभारलेले होते. विस्तीर्ण अर्धवर्तुळाकार मांडणीत एम्पायर स्टेट व क्रायस्लर या इमारतींसह न्यूयॉर्कच्या छपरांच्या प्रतिकृती होत्या. धुराड्यांतून धूर निघे. संध्याकाळ होत जाई तसतसे खिडक्यांत एकेक दिवा लागे. ढग काचतंतूंचे होते. चित्रीकरणाच्या एका तुकड्यानंतर दुसऱ्यापूर्वी त्यांच्या जागा व आकार बदलले जात, त्यामुळे कथा पुढे सरके तसे आकाशही सरके. कथेत काळ तोडलेला नसल्यामुळे आकाशातही तो तोडता येत नव्हता, ही या प्रयोगाची खरी अडचण होती. सामान्य चित्रपटात एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना उजेडातील विसंगती झाकली जाते. येथे झाकण्यास जागाच नव्हती.

आणि अडचण आली ती नेमकी तेथेच. सूर्यास्ताच्या भागाचे चित्रीकरण पाहिल्यावर हिचकॉक यांना नारिंगी रंग भडक वाटला. इमारतींच्या प्रतिकृती उत्तम होत्या, ढग उत्तम होते. परंतु खोलीत बसलेल्या माणसांचा उजेड एका संध्याकाळचा आणि खिडकीबाहेरचा दुसऱ्याच संध्याकाळचा वाटू लागला. अखेरची पाच रिळे पुन्हा चित्रित करण्यात आली. केवळ खिडकीबाहेरच्या रंगासाठी चित्रपटाचा एवढा मोठा भाग पुन्हा घेतला जावा, यातच या विषयाचे मर्म आहे. दोष रेखाटनाचा नव्हता, संबंधाचा होता.

अखेरच्या भागात हा संबंध उलट दिशेने वापरलेला दिसतो. रात्र होते, बाहेरचे निऑन दिवे लुकलुकू लागतात आणि त्यांचा लाल-हिरवा प्रकाश खोलीत, माणसांच्या अंगावर पडतो. शेवटी खिडकी उघडली जाते, गोळ्या झाडल्या जातात आणि रस्त्यावरचा गलबला आत येतो. तोवर ज्या शहराकडे पाहुणे शोभा म्हणून पाहत होते ते शहर आता खोलीत शिरते. वातायन आणि गवाक्ष या दोन्ही नावांस ती खिडकी येथे पात्र होते.

६

पुढील तंत्रांचा इतिहास वेगाने सांगता येईल, कारण त्यांत प्रश्न तेच आहेत. १९३० नंतर रूढ झालेल्या पार्श्वप्रक्षेपणात अर्धपारदर्शक पडद्यामागून आधी घेतलेले चलच्चित्र टाकीत व पुढे नटांचे चित्रीकरण करीत. मोटारीच्या व आगगाडीच्या खिडक्यांसाठी ते वरदान ठरले. परंतु दुसऱ्यांदा फिल्मवर उतरल्यामुळे बाहेरचे जग आतल्या माणसांपेक्षा भुरकट दिसे. मागून उजळणारी प्रचंड छायाचित्रे, ज्यांस व्यवसायात ‘ट्रान्सलाइट’ म्हणतात, त्यांनी प्रकाशाची तीव्रता हाती दिली. एकाच कापडावर पुढून दिवस व मागून रात्र दाखविण्याची त्यांतील सोय ही दागेर याच्या १८३४ च्या युक्तीचीच वारस होय.

दूरचित्रवाणी व व्हिडिओ यांनी प्रकाशाचा प्रश्न अधिक कठीण केला. दिवसा खऱ्या खोलीच्या बाहेरचा उजेड आतल्या उजेडाच्या कित्येक पट असतो. म्हणून खिडकीबाहेरचा पडदा खोलीइतकाच उजळ ठेवला तर प्रेक्षकास तो भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखा वाटतो. उलट फार उजळ केला तर जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यास तेवढा पल्ला पेलत नसे आणि खिडकी पांढरी ठिक्कर पडे. दोहोंच्या मध्ये, आतल्यापेक्षा थोडी उजळ व थोडी निळसर अशी पातळी शोधणे हे प्रकाशयोजकाचे कसब ठरले. याखेरीज अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी वेगवेगळ्या कोनांतून चित्रण होऊ लागल्यावर पडद्याचा सपाटपणा उघडा पडू लागला; कॅमेरा सरकला की दूरची इमारत दूरच्या वस्तूसारखी स्थिर न राहता खिडकीच्या चौकटीजवळच्या वस्तूसारखी हले. यावरचे उपाय साधे होते व आजही आहेत: खिडकीत झिरझिरीत पडदा, सज्जावर कुंडी, बाहेर लगेच एखादी खरी फांदी किंवा कठडा, आणि भिंगाचे लक्ष नटावर ठेवून मागचे जग किंचित अस्पष्ट सोडणे. पंख्याच्या मंद वाऱ्याने हलणारा पातळ पडदा पुष्कळदा संपूर्ण शहरापेक्षा अधिक खात्री देतो.

निळ्या वा हिरव्या पडद्यावरील नटाचे चित्र विद्युत्-साधनांनी वेगळे करून मागे हवे ते दृश्य बसविण्याची पद्धत दूरचित्रवाणीत १९७० नंतर फैलावली. तिने चित्राचे स्वातंत्र्य अमर्याद केले, पण संबंध तोडला. बाहेरचे आकाश आत उजेड टाकीना. उलट हिरव्या पडद्याचीच छटा नटाच्या केसांवर व काचेच्या पेल्यावर उमटू लागली.

तुटलेला संबंध पुन्हा जोडण्याचे प्रयत्न अलीकडे झाले. जोसेफ कोसिन्स्की यांच्या ‘ऑब्लिव्हियन’ (२०१३) या चित्रपटात ढगांच्या वर उभ्या असलेल्या काचेच्या घरासाठी हवाई बेटांतील हालेआकाला पर्वताच्या माथ्यावरून खऱ्या आकाशाचे चित्रण केले गेले आणि २१ प्रक्षेपकांनी ते घराभोवतीच्या पडद्यांवर टाकण्यात आले. त्या आकाशानेच घर उजळले, काचेत त्याचेच प्रतिबिंब पडले आणि नटांस ते डोळ्यांनी दिसले. २०१९ च्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेसाठी सुमारे ६ मीटर उंच व २३ मीटर व्यासाची एलईडी दिव्यांची वर्तुळाकार भिंत वापरली गेली. कॅमेरा सरकला की संगणक तिच्यावरील चित्रही त्या प्रमाणात सरकवितो; त्यामुळे अंतराचा भास टिकतो. तरीही भिंगाचे लक्ष थेट भिंतीवर गेले तर दिव्यांच्या जाळीची नक्षी चित्रात उमटते, म्हणून मागचे दृश्य किंचित अस्पष्टच ठेवावे लागते. कडा तीक्ष्ण होऊ देऊ नयेत हा पडदेचित्रकारांचा जुना नियम येथे नव्या कारणाने परत आला आहे.

७

या इतिहासाची मांडणी ओबडधोबड चित्रापासून हुबेहूब चित्राकडे झालेली प्रगती अशी करण्याचा मोह होतो. परंतु पुरावा तसे सांगत नाही. प्रत्येक नव्या तंत्राने तपशील वाढविला, आणि बहुधा प्रत्येकाने आरंभी प्रकाश, अंतर व काळ यांपैकी एखाद्या संबंधास धक्का लावून तो पुढे कष्टाने परत मिळविला. प्रेक्षक खिडकीबाहेर काय आहे हे क्वचितच निरखतो. बाहेरचा व आतला उजेड एकाच सूर्याचा आहे की नाही, हे मात्र त्यास न सांगता कळते. भाषेतही शब्दाचा अर्थ वाक्यातील इतर पदांशी असलेल्या संबंधातून सिद्ध होतो. देखाव्याचे सत्यही तसेच सापेक्ष आहे.

या तंत्रांमागील माणसांची नोंद मात्र विरळ राहिली. हॉलिवुडमधील पडदेचित्रकारांची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सहसा येत नसत. देखावा रंगविलेला आहे हे प्रेक्षकास कळू नये, हीच त्यांच्या कामाची कसोटी असल्याने यश आणि विस्मृती ही त्यांच्या वाट्यास एकत्रच आली. २०१२ मध्ये अमेरिकेतील कलादिग्दर्शकांच्या संघटनेने जुने पडदे वाचविण्याचे काम हाती घेतले, तेव्हा कित्येक दशके गुंडाळून ठेवलेले सुमारे दोनशे पडदे उलगडले गेले. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मधील माउंट रशमोरचा पडदा २०२२ मध्ये फ्लोरिडातील बोका रेटन येथील कलासंग्रहालयात भिंतीवर लागला. जो कधी पार्श्वभूमी होता, तो समोरून पाहिला गेला.

कोल्हापुरात याच्या उलट घडले. मेस्त्री घराण्यातील त्या दोन बंधूंस लोकांनी ‘पेंटर’ म्हटले, आणि व्यवसायवाचक शब्द आडनाव होऊन बसला. महाराष्ट्रात चित्रपटाचा इतिहास वाचणारास बाबूराव पेंटर हे नाव उच्चारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रत्येक उच्चारात पडदा रंगविणाऱ्या हाताची कबुली असते. त्यांनी रंगविलेले पडदे नाटकमंडळ्यांबरोबर गेले; नावात मात्र तो व्यवसाय अद्याप शिल्लक आहे. स्टुडिओतील खिडकीबाहेरच्या आकाशाचा इतिहास लिहिताना तंत्राच्या आधी या नावाची नोंद व्हावी, हे उचित होय.